बांडीचा पोळा

मी मॅट्रिक होण्याआधीची काही वर्षं आमच्या घरावर उंदरांचं राज्य होतं. संग्रामपूरच्या बाजाराला पायी जाता यावं इतक्या अंतरावर आमचं गाव. सातपुड्याच्या पायथ्याची हलकी, मुरमाड जमीन. तिच्यात भुईमूग तेवढा इमानाने यायचा, पण पेरायला बी उरेल तर ना! दिवाळीच्या सुमारास शेंगा निघाल्या की त्यातल्या भरदार शेंगा निवडून कणगीत भरायच्या, कणगीचं तोंड शेणामातीने लिंपायचं, आणि मृगाच्या तोंडावर ते फोडलं की आत नुसती टरफलं. मग बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. दारात आलेल्याला कोणी चांगली शेंग देत नाही. बारकी, किडकी मिळायची, ती निम्मी उगवायची. वडील खामगावच्या कापसाच्या जिनात रुईचे गठ्ठे उचलायचे आणि एखाद्याच सणाला घरी यायचे. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी हेच आमचं बाराही महिन्यांचं जेवण. हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज त्या उंदरांना वाटायला हवी होती.

घरात माणसं तीन. आई, मी आणि माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची बायको फार लवकर गेली आणि त्यांनी दुसरी केली नाही. उंच, हाडापेराने रुंद माणूस. आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोलले तर त्या धुऱ्यावरचा बैल कान टवकारायचा. पण हा आवाज आईशी कधी बोलला नाही, आणि आईही त्यांच्याशी बोलली नाही. भांडण नव्हतं. भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, समोर असला की बाईने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत होती. घर तर चालवायचं होतं. म्हणून मधे मी.

“बापू, त्यायले म्हन, आंघोळीचं पानी काढलं.” आई चुलीपाशी.

मोठेबाबा तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले. त्यांना सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी ते पुन्हा म्हणेपर्यंत ते हलायचे नाहीत. मग म्हणायचे, “सांग तिले, आलो.”

एकदा बाजारातून येताना त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळून मांजरीचं एक पिल्लू आणलं. किराणा दुकानातल्या पोत्यांमध्ये जन्मलेलं. अर्धं तोंड काळं, अर्धं पांढरं, अंगावर तांबूस ठिपके. “हे बांडी,” ते म्हणाले. पूर्वी आमच्याकडे अशाच रंगाचा बांड्या नावाचा बैल होता, त्यावरून.

आईने मला हाक मारली. “बापू, त्यायले इचार, मानसाले दूध नाई अन् हिले कोठून पाजाचं?”

“सांग तिले, हे पाहुनी नाई, सालदार हाय. खाईन ते कमवून खाईन.”

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी. बांडीने ती बोली पाळली. ती मोठी झाली त्या वर्षी मृगाआधी मोठेबाबांनी कणगी फोडली, हात आत घातला आणि ओंजळभर शेंगा वर काढल्या. अख्ख्या. खळखळ वाजणाऱ्या. आई सूप घेऊन उभी होती. संध्याकाळी तिने झाकणीत दूध ओतून ती झाकणी कणगीपाशी नेऊन ठेवली. त्या सालापासून आम्ही दुसऱ्याच्या दारात गेलो नाही. घरचं बी, घरचं पीक. त्याच पिकावर मी मॅट्रिक झालो आणि अकोल्याला कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी तिसरीच्या वर गेलेलं नव्हतं.

कॉलेजातून पहिल्यांदा दिवाळीला घरी आलो तेव्हा दारातच थबकलो. आतून आईचा आवाज येत होता.

“बांडे, सांग त्यायले, भाकर वाढली.”

“बांडे, इचार तिले, कोरड्यास काय हाय?”

“म्हन, वांगे हायत. रोज इचारते, जसं काही रोज पक्वान्न शिजते अथी.”

बांडी दोघांच्या मधे पाय पोटाशी घेऊन बसली होती. डोळे मिटलेले. मला हसू आवरेना.

“हासतं काऊन बे, वकीलसाहेब?” मोठेबाबा म्हणाले. कॉलेजात जाणारा प्रत्येकजण वकील होतो अशी त्यांची समजूत होती. “तुह्यापरीस बरी हाय. तू अर्धं सांगत होता अन् अर्धं गिळत होता. हे पुरं पोचवते.”

आणि खरंच, माझ्यामार्फत जे कधी बोललं गेलं नव्हतं ते बांडीमार्फत बोललं जाऊ लागलं होतं. गोऱ्हा विकायचा की ठेवायचा यावर दोघांचं चांगलं खडाजंगीचं भांडण त्या झोपलेल्या मांजरीच्या डोक्यावरून झालेलं मी ऐकलं. मोठेबाबांचा दाढेचा ठणका आईला तिच्यामार्फत कळला. वडिलांची महिनोन् महिने खबर नसली की आई चुलीशी तिलाच म्हणायची, “बांडे, तुले काय वाटते, बरे असतीन ना?” आणि ओसरीवरून उत्तर यायचं, “बांडे, तिले म्हन, बरा हाय तो. माहा भाऊ हाय.”

मोठेबाबा जनावराला जनावर म्हणत नसत. “काम करनाराले नाव पायजे, अन् वर्सातून एक दिवस मान पायजे,” असं त्यांचं म्हणणं. बैलाला मारलेलं त्यांना खपायचं नाही. तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोचणीची काठी, हातात असायची, पण तिचा उपयोग ते पाठ खाजवायला करायचे. स्वतःची.

मी इंटरला होतो त्या वर्षी पोळ्याला घरी आलो. आदल्या संध्याकाळी मोठेबाबांनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं, पळसाच्या पानांनी शेकलं आणि कानाशी वाकून म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मग ओसरीवर आले, खाली बसले, आणि उरलेलं लोणी बोटावर घेऊन बांडीच्या मानेला चोळलं. “तूबी आवतन घे वो माय.” तिने ते बोटासकट चाटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून बैल घरी आले. आईने त्यांना ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मग मोठेबाबा बांडीला काखेत घेऊन आईसमोर उभे राहिले. आईने पदर दातात धरला, हसू दाबलं आणि तिलाही ओवाळलं. एवढ्यावर भागलं असतं. पण मोठेबाबांनी बैलाच्या घुंगरमाळेतलं एक घुंगरू सोडवलं, लाल दोऱ्यात ओवलं आणि तिच्या गळ्यात बांधलं.

“बांडे, त्यायले म्हन,” आई म्हणाली, “मांजरीले घुंगरू बांधल्यावर उंदीर काय आरती घेऊन येतीन?”

“बांडे, सांग तिले, सन हाय. सन झाला का सोडतो.”

गावभर घुंगरू वाजवत ती हिंडली. लोक हसले. मोठेबाबा खुशीत होते. इतके खुशीत मी त्यांना फार क्वचित पाहिलं.

आमच्या शेताला लागून गुलाबरावांची पेरूची बाग होती. मधे बोराटीचं कुंपण. वानरांच्या त्रासामुळे त्यांनी दोन दांडगे कुत्रे पाळले होते आणि फळाच्या दिवसांत ते बागेत मोकळे असत. बांडी त्या बागेत कायम जायची, बांधाच्या घुशींसाठी. कुत्र्यांना ती कधी दिसली नाही, ऐकू आली नाही. मांजरीच्या पायांना आवाज कुठे असतो?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारी गुलाबराव आमच्या अंगणात आले. हातात टोपली, वर पेरूची पानं. आम्हाला वाटलं, सणाचे पेरू आणले. मोठेबाबा “ये रे गुलाब” म्हणत उठले. गुलाबरावांनी टोपली खाली ठेवली आणि मागे सरकले.

“भाऊ… कुत्र्यायनं…”

मोठेबाबांनी पानं बाजूला केली. काय दिसलं ते मी लिहीत नाही. लाल दोरा तेवढा तसाच होता.

“तुहे कुत्रे दिवसा मोकळे काऊन?” मोठेबाबांचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. “मानसं नाईत आजूबाजूले? लेकरं नाईत? किती डाव सांगतलं तुले, दिवसा बांधत जाय म्हनून!”

“चुकलं भाऊ. मांजरीचं पाप माह्या बागेत झालं, ते मी ठेवत नाई. महाराजाले इचारतो. लागन तर सोन्याची मांजर करून दान देतो.”

“सोन्याची मांजर उंदीर धरते काय?”

गुलाबराव खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते न सांगताही ते घरी जाऊ शकले असते.

“खरं सांगतो भाऊ. कुत्रे आपल्या मनानं नाई गेले. झोपडीत आडवा होतो. कलमात घुंगरू वाजलं. मले वाटलं, तुमचं गोऱ्हं शिरलं. पोळ्याचं घुंगरू काढलं नसन म्हनलं. उठून पाह्यलं नाई. पडल्या पडल्याच छू केलं.”

मोठेबाबा टोपलीकडे पाहत होते. पानं पुन्हा वर ओढत म्हणाले, “घुंगरू म्या बांधलं.” आणि मग, “जाय घरी, गुलाब. तुह्याकडं काही नाई.”

धुऱ्यावर त्यांनी स्वतः खड्डा खणला. मी फावडं मागितलं, दिलं नाही. माती लोटून झाल्यावर विहिरीवर गेले आणि माणसाला पोचवून आल्यावर करतात तशी अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली. गावात बोभाटा झाला. पारावरून कोणी तरी ओरडलं, “काय भाऊ, मांजरीचं सुतक धरलं म्हनते?” ते न थांबता म्हणाले, “हाव, धरलं. घरचं मानूस गेलं.”

मग ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. बसले ते बसलेच. आई ताट वाढायची, ते तसंच उचलायची. तिच्या तोंडून सवयीने “बांडे,” एवढं निघायचं आणि ती ओठ मिटून घ्यायची. मग मला म्हणायची, “बापू, त्यायले सांग.” मी सांगायचो. मोठेबाबा मान हलवायचे, कशासाठी ते कळायचं नाही. पदवीच्या वाटेवर असलेला मी, वर्गात भाषणं करणारा, त्या घरात एक निरोपही धड पोचवू शकत नव्हतो.

मी अकोल्याला निघायच्या दिवशी ते पहिल्यांदा आपणहून बोलले. भिंतीकडेच पाहत.

“बापू, यंदा बी ठेवत नाई. शेंगा निघाल्या का साऱ्या इकून टाकतो. उंदरायचंच घर होतं हे. मी कायले मधे पडलो?”

बी ठेवायचं नाही म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पुन्हा दुसऱ्याचं दार. पुन्हा निम्मी उगवण. माझं कॉलेज तिथेच संपणार होतं, आणि मला वाटतं, त्याहून अधिक काही संपणार होतं. मी पिशवी खाली ठेवली.

आई दारामागून बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण ती आडोशाला थांबली नाही. मोठेबाबांच्या समोर, भिंत आणि ते यांच्या मधे, जाऊन उभी राहिली. आणि बोलली. त्यांच्याशी.

“घुंगरू मीबी पाह्यलं. करीच्या सकाळी तिले दूध दिलं म्या, तवाबी गळ्यात होतं. मीबी सोडलं नाई. तुमी एकल्यानं कायले घेता अंगावर?”

मोठेबाबांनी वर पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. आईने हात पदरात गुंडाळले.

“तिनं राखलेलं बी हाय ते. तिच्या मागं ते इकाचं नाई. अन् आता जेवून घ्या. मले सांगाले कोनी उरलं नाई या घरात. हा चालला अकोल्याले.”

मोठेबाबा माझ्याकडे वळले. “सांग ति…” एवढं म्हणाले आणि थांबले. मग मान खाली घालूनच, पण तिला, म्हणाले, “वाढ.”

जेवताना ते रडले. भाकरीचा घास हातात धरून, एवढा मोठा माणूस, आवाज न करता. आई समोर बसून राहिली. मी बस चुकवली.

त्यानंतर त्यांनी मांजर पाळली नाही. गुलाबरावांनी आपण होऊन एक पिल्लू आणलं होतं, ते त्यांनी हात जोडून परत पाठवलं. आपली बाज उचलून कणगीच्या खोलीत नेली. खुट्ट झालं की उठायचे, काठी आपटायचे. उठता-बसता दम लागायचा, पण शेंगा पेरणीला निघेपर्यंत ती खोली त्यांनी सोडली नाही. गुलाबरावांचे कुत्रे दिवसा साखळीला असायचे, कोणी न सांगता. आई आणि मोठेबाबा एकमेकांशी बोलत राहिले. थोडं, कामापुरतं, पण थेट. काही वर्षांनी थंडीतल्या एका दुपारी मोठेबाबा गेले, तेव्हा आई त्यांच्या पायाशी बसून मोठ्याने रडली. बायका कुजबुजल्या, भासऱ्यासाठी कोणी असं रडतं का? तिने लक्ष दिलं नाही.

बांडी गेली त्या साली त्यांनी राखलेल्या बियाण्यातली एकही शेंग उंदरांच्या तोंडी गेली नाही. त्या बियाण्याच्या पिकावर माझं पुढचं वर्ष निघालं. पुढे मी बी. ए. झालो.