सेतुरावांनी घातलेलं कुलूप

आमचे इलेक्ट्रिशियन सेतुराव गेल्याचं त्यांच्या मुलीनं, वत्सलानं, फोनवर कळवलं तेव्हा मी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात नुकता डबा उघडला होता. पहाटे झोपेतच गेले म्हणाली... डबा तसाच झाकून ठेवला. त्याला आता महिना होऊन गेला.

आमच्या सात मजली इमारतीतलं प्रत्येक बटण, प्रत्येक सॉकेट कधी ना कधी सेतुरावांच्या हातून गेलेलं. मी नागपूरहून येऊन तिथली व्यवस्था बघू लागले तेव्हा मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शिडीवरून आवाज आला, "अम्मा, तुम्ही मराठी काय? आम्हीही मराठीच, तंजावूरचे." शब्द जुन्या वळणाचे, हेल मात्र तमिळ. एरवी कामापुरतं बोलणारा माणूस. दर तीन महिन्यांनी ते एकेक मजला घ्यायचे, वीज बंद करून सॉकेट उघडायचे आणि मागचे स्क्रू आवळायचे. बिघडलेलं नसताना कशाला उघडता, असं मी विचारलं तर म्हणाले, "तार तापते, निवते. त्यात स्क्रू ढिला पडतो. वरून काही दिसत नाही, अम्मा. दिसतं तेव्हा जळालेलं असतं."

दोन वर्षांपूर्वी परदेशातून पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. पाचव्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हचं सॉकेट तापतंय, वीज बंद करून भिंतीमागची तार बघावी लागेल, अर्धा दिवस जाईल. मी म्हटलं, "आज जेवण तिथंच आहे. उद्या करा." ते म्हणाले, "उद्या नाही, अम्मा." मी आवाज चढवला. त्यांनी पॅनेलमधून पॅन्ट्रीची वीज बंद केली, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पाहुण्यांना गार जेवण वाढावं लागलं. मी त्यांच्या कंत्राटदाराला फोन करून नको ते बोलले आणि संध्याकाळपर्यंत सेतुरावांचं आमच्याकडचं काम सुटलं.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराकडून ती किल्ली घेऊन दुसरा इलेक्ट्रिशियन आला. त्यानं सॉकेट खोललं आणि मला हाक मारली. मागचं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलं होतं, त्यामागची लाकडी फळी कोळशासारखी काळी. "काल चालू राहिलं असतं तर पेटलंच असतं, मॅडम," तो म्हणाला. त्या मजल्यावर दोनशे माणसं बसतात...

मी शेअर ऑटोनं वेलचेरीला त्यांच्या घरी गेले. दारातच रडू फुटलं. त्यांनी आधी बसवलं, त्यांच्या बायकोनं कॉफी आणली. मग ते म्हणाले, "तुम्ही मला काढलंत, पण कुलूप तोडलं नाहीत. ते शहाणपण केलंत." खरं असं होतं की कुलूप तोडायला मीच वॉचमनला कटर शोधायला पाठवलं होतं. शेजारच्या दोन्ही इमारतींत तो मिळाला नाही, एवढंच. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. मी कंत्राटदाराला सांगितल्यावर ते परत कामावर आले, पुढची दोन वर्षं रोज भेटले, तरी सांगितलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू.

तेराव्याला गेले तेव्हा वत्सलाला एकदाचं सांगून टाकलं. ती अडखळत मराठी बोलते. म्हणाली, "अप्पांना ठाऊक होतं. वॉचमननं त्याच दिवशी सांगितलं त्यांना."

"मग शहाणपण केलंत असं का म्हणाले?"

"मीपण विचारलं. म्हणाले, घरापर्यंत आली ना... आता पुढच्या वेळी नाही तोडणार."



गेल्या सोमवारी सेतुरावांच्या जागी मुरुगन नावाचे नवे इलेक्ट्रिशियन रुजू झाले. मी त्यांना पाचव्या मजल्यावर नेलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं, कटरसकट. ऐकून ते जरा अवघडले. मी म्हटलं, "तुम्हाला धोका वाटला तर वीज बंद करा. मी रागावले तरी करा." त्यांनी मान डोलावली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि विचारलं, "मग आज इथलीच बंद करून बघू का, मॅडम?" जेवणाची वेळ होत आली होती. मी पॅन्ट्रीतल्या लोकांना बाहेर यायला सांगितलं.