मिठावरचं निकेल

मोरा बंदरातून लाँच हलली तेव्हा बाबा पाठ फिरवून चालायलाही लागले होते. भरती यायच्या आत त्यांना मिठागराचा बांध बघायचा होता. "जा, पन तुडवनीला ये. पयला पाय तुजाच पायजे," एवढंच बोलले होते. पावसाळा संपला की मिठागराचा तळ घरच्यांनी अनवाणी तुडवून घट्ट करायचा आणि पहिलं पाऊल थोरल्या मुलाने टाकायचं, ही आमच्याकडची रीत. थोरला मी, आणि मी तर विलायतेला निघालो होतो.

इथे प्रयोगशाळेत माझ्यासमोर काय यावं, तर मीठच! काचेसारखा स्वच्छ खडा पात्याने चिरायचा, हवा काढून घेतलेल्या भांड्यात त्यावर निकेलची वाफ बसवायची. वर लोखंड, पुन्हा निकेल. थर इतके पातळ की केसही त्यांच्यापुढे जाडजूड. निकेलचे अणू खालच्या मिठाची मांडणी बघून रांगा धरतात. पण दोघांच्या अणूंमधली अंतरं काही जुळत नाहीत, म्हणून थर ताणात राहतो. ताणाने त्याचं चुंबकत्व बदलतं. किती, ते मोजायला मला ठेवलंय.

पहिल्याच आठवड्यात मी चिरलेला खडा सवयीने जिभेला लावला. आपल्याकडे मीठ हातात आलं की आधी जीभच पुढे येते. प्रयोगशाळेचे साहेब बघतच राहिले, खडा वाया गेला. आई, हस आता.

तेव्हापासूनच्या दिवाळ्या तुडवणीविनाच गेल्या. इथे धड बसवत नाही, उठून जाववत नाही, बूट तर रोज चावतात. आता चुलतभाऊ कळवतो की बाबांचे गुडघे गेलेत; यंदा मी आलो नाही तर मिठागर काकांकडे जाईल. आई म्हणाली म्हणे, "त्याला लोखंडाचा याड लागलाय, मीठ कशाला आठवंल?"

आठवतं गं. दुसरं काही आठवतच नाही.

परवा एक खडा पाण्यात सोडला. मीठ विरघळलं, थर वर तरंगला. ताण सुटला तसा कडेने जरा गुंडाळला, पण फाटला नाही. इलेक्ट्रॉनच्या यंत्राखाली पाहिलं, तर अणूंच्या रांगा मिठाने लावून दिल्या तशाच होत्या. मीठ मात्र कुठे नव्हतं. बशीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि मला रडूच आलं.

बाबा, मी येत नाही. हे काम आता सोडवत नाही. मिठागर काकांना द्या. फक्त तुडवणीचा दिवस ठरला की कळवा. त्या सकाळी मी इथल्या गार फरशीवर बूट काढून उभा राहीन.