माझ्या बाजूचे चार खटके

जावयाला मी तोंडावर अहो म्हणते आणि माघारी अरे. माणूस चष्मेवाला. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. पण काम चोख. पाव नंबरासाठी माणसाला तासभर बसवून ठेवेल, "हे बरं की मघाचं?" असं विचारून विचारून भंडावून सोडेल.

एवढ्या सरळ माणसाला एकच खूळ, जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार. माझ्या नातीपेक्षा वयाने मोठी. लेकीला तिच्यात मळमळतं, म्हणून महिन्यातल्या एका रविवारी रेसच्या ट्रॅकवर शेजारी मी बसते. नऊ वर्षं झाली. मी हेल्मेट घालून ओरडते, वळणावर गाडी एका अंगाला झुकते आणि आम्ही शेवटचे येतो.

यंदा माझ्या कंबरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, धक्के अजिबात नकोत. आणि त्याच आठवड्यात जावयाने जाहीर केलं, की गाडीला ट्रॅकचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणाऱ्या शॉकअपचा नवा संच बसवायचा. ट्रॅकचं म्हणजे कडक. म्हणजे माझं शेजारी बसणं संपलं. तो एक रविवार काढला तर माझ्या महिन्यात उरतं काय, गोळ्या आणि टीव्ही. पण त्याची हौस मी का मोडू?

सहा महिने त्याने घराचं डोकं खाल्लं. उत्तम संच होता, पण तेवढ्या पैशांत आख्खी दुसरी गाडी आली असती. स्वस्त संच कुणाकुणाच्या गाडीत आहेत ते त्याने शोधून काढलं आणि मला एकेकीत बसवून हळूच गेटपर्यंत नेऊन आणलं. उतरले की ठरलेला प्रश्न, "आई, हे बरं की मघाचं?"

"मघाचं," मी वैतागून म्हटलं. "हे म्हणजे स्टुलावर बसून जिना उतरल्यासारखं आहे."

त्याने वहीत टिपून घेतलं. मला वाटलं, वेगाचं काहीतरी असेल.

शेवटी मधल्या किमतीचा संच आला. प्रत्येक शॉकअपवरची खुंटी फिरवली की खटका वाजतो. जितके खटके जास्त, तितका शॉकअप कडक. बसवला त्याने स्वतःच. पहिल्याच रविवारी निघालो, तर रस्त्यातले खड्डे माझ्या कंबरेला कळलेच नाहीत. ट्रॅकवर मात्र विचित्र प्रकार. डावं वळण झकास, आणि उजव्या वळणाला गाडी माझ्या बाजूला पार लोळायची.

तिथल्या गॅरेजवाल्याने खुंट्या तपासल्या आणि तो हसतच सुटला. "साहेब, तुमच्या बाजूला सोळा खटके, आजींच्या बाजूला चार. असं कुणी करतं का?"

जावई गोंधळला. "का? दोन्ही डोळ्यांचा नंबर कुठे सारखा असतो?"

मी कपाळावर हात मारला. मग गॅरेजवाल्याला सांगितलं, "दोन्हीकडे सोळा करा. मी कुंपणाशी उभी राहते. एकदा तरी यांना पुढे जाऊ द्या."

"दोन्हीकडे चार," जावई म्हणाला.

"मग फेरीच्या वेळेत फारसा फरक नाही पडायचा, साहेब."

"न पडू दे. सहा महिने ज्यांच्या कंबरेचा नंबर काढला, त्यांनाच कुंपणाशी उभं करू?"

आम्ही निघालो. त्या दिवशी शेवटून दुसरे आलो, तेही एकाचं इंजिन तापलं म्हणून. लेकीच्या लग्नात मी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत हेल्मेटच्या आत घळाघळा रडले.

"आई, कंबर दुखतेय का?" त्याने विचारलं.

"पुढे बघून चालवा," मी म्हटलं.