पाय लागला म्हणून

पैसे देऊन माती खणायची, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. मुलगी तेरा वर्षांची होणार होती. वाढदिवसाला तिला फोन नको होता, कपडे नको होते. इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गजवळच्या एका गावात रोमन काळातली दफनभूमी खणत होते, तिथे पाच दिवस जायचं होतं. त्या शेतावर लवकरच घरं उभी राहणार, त्याआधी हाताला लागेल ते वाचवावं म्हणून गावातल्या हौशी मंडळींच्या फेराइनने, म्हणजे मंडळाने, इंटरनेटवर वर्गणी गोळा केली होती. जास्त वर्गणी देणाऱ्याला बक्षीस काय, तर उन्हात गुडघे टेकून काम! गणपतीची वर्गणी मी वर्षानुवर्षं दिली आहे, पण त्याबद्दल मला कुणी मांडव बांधायला लावला नव्हता.

सोळा वर्षांखालच्या मुलांना पालक सोबत असेल तरच खड्ड्यात उतरता येणार होतं. तिच्या बाबाची पाठ नेमकी अशाच वेळी दुखते. म्हणून रजा मी काढली.

उत्खननाच्या प्रमुख बाई साठीच्या होत्या, पिकल्या केसांची लांब वेणी घालणाऱ्या. पहिल्याच सकाळी त्यांनी नियम सांगितला. "वस्तू दिसली की हात मागे घ्यायचे आणि मला बोलवायचं. आधी फोटो, मग मोजमाप, मगच उचलायची. जो हात लावेल तो उरलेले दिवस तंबूत खापरं धुवेल."

मी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघते. ठरलेली पद्धत मोडणाऱ्यांना झापायचा मला पगार मिळतो. बाई मला फारच आवडल्या.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मी जोरात म्हणाले. मुलीने डोळे फिरवले.

तिसऱ्या दिवशी मुलीला मडकं सापडलं. आधी फक्त काठ दिसला, बांगडीच्या तुकड्याएवढा. ती ओरडली नाही, वर्गात करतात तसा हात वर केला. बाई पोटावर आडव्या झाल्या, ब्रशने माती बाजूला केली. मडक्यात जळालेली हाडं होती, कुणाच्या तरी अस्थी. शेजारी केसांत खोवायची हाडाची पिन होती, म्हणजे बहुधा स्त्रीच असावी. कॅमेरा पलीकडच्या खड्ड्यात अडकला होता, तो आणायला बाई गेल्या, तेवढं थांबायचं होतं. मी घरात मराठीत बोलते आणि मुलगी जर्मनमध्ये उत्तर देते, ही आमची रीतच आहे. त्या सकाळी मात्र ती, जर्मनमध्येच का होईना, न विचारता बोलत होती. माझं मडकं असं आहे, माझं मडकं तसं आहे. इतकी खूश मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. मलाही उगाच भरून आलं.

पाठ सरळ करायला मी उठले, एक पाऊल मागे घेतलं आणि टाच मडक्याच्या काठाला लागली.

टाचेने काही झालं नव्हतं. जे झालं ते नमस्काराने झालं. पुस्तकाला पाय लागो, माणसाला लागो, मी वाकते, बोटं टेकवते आणि कपाळाला लावते. विचार करून कुणी हे करत नाही. मी वाकले, काठाला बोटं लावली, कपाळाला लावली. तेवढ्यात काठाचा एक तुकडा सुटला आणि आत, अस्थींवर पडला.

मुलगी माझ्याकडे बघत होती, तिचा चेहरा पांढराफटक. मी खड्ड्याबाहेर गेले की तीही बाहेर, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

बाई आल्या. आवाज चढवला नाही. "बरं, तुम्ही अडखळलात का?"

अडखळणं माफ होतं. त्यांनी मला वाटच काढून दिली होती. कामावर अशी थाप कुणी मारली असती तर मी त्याला उभं जाळलं असतं. पण ही पोरगी एवढी वाट बघून इथे आली होती.

"हो, अडखळले," मी म्हणाले.

बाई माझ्या डोळ्यांकडे नाही, थोडं वर बघत होत्या. मी कपाळाला हात लावला. बोटांना ओली माती लागली.

"ती अडखळली नाही," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. "पाय लागला, म्हणून तिने हात लावून माफी मागितली. आम्ही मागतो तशी."

"कोणाची?" बाईंनी विचारलं.

मुलीने मडक्याकडे बोट दाखवलं.

बाई वहीत लिहायला लागल्या आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं : काठाचा तुकडा हलला, कारण : मृत स्त्रीची क्षमा मागितली. वही मिटून त्यांनी तंबूकडे हात केला. नियम तो नियम. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

तंबूत आम्ही शेजारी शेजारी बसलो. दोन टब, दोन टूथब्रश, खापरांचा ढीग. बाहेर तिच्या मडक्याचे फोटो निघत होते आणि ते दुसरंच कुणीतरी उचलणार होतं. ती खाली मान घालून खापर घासत होती. मला माझी भयंकर लाज वाटत होती, हात लावल्याची कमी, थाप मारल्याची जास्त.

"सॉरी, बाळा," शेवटी मी म्हणाले. "तुझं मडकं होतं. मी सगळं घालवलं."

तिने हातातलं खापर धुऊन जाळीवर ठेवलं, दुसरं घेतलं.

"माझं नाही, तिचं आहे," ती म्हणाली, चक्क मराठीत. "आणि तिला तू सॉरी म्हटलंस ना."