पांढऱ्या फ्रॉकवरचे दोन ठिपके

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली आणि घरातले देव आम्ही नदीत शिरवले. देवांची पाटी माझ्या नवऱ्यानं डोक्यावर घेतली, मी मागून चालले.  पण खरं सांगायचं तर, मरीमाय आपल्याला सोडायची नाही, ही धास्ती मनातून गेली नव्हती. पंधरा दिवसांतच आमच्या चार वर्षांच्या शेवंतीच्या मानेवर लाल चट्टे उठले, पाणी भरलेले फोड आले, चेहरा सुजून डोळे मिटले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मायले घरातून काढून देलं ना, आता भोगा."

दवाखान्यातल्या मलमानं जरा उतार पडे, की पुन्हा फोड उठत. दीक्षेच्या दिवशीचा पांढरा फ्रॉक मी तिला रोज धुऊन घालत होते. तो अंगावर असला की पोरीला काही होणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. पाचव्या दिवशी ती पाणीही गिळेना, तेव्हा माझा धीर सुटला. नवरा कापूस वेचायला गेल्यावर मी पदराखाली नारळ घेतला, पोरीला कडेवर घेतलं आणि जंगलाच्या वाटेवरच्या मरीमायच्या ओट्याकडे निघाले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी पाय थांबले नाहीत.

वाटेत कोलाम जमातीची एक बाई बिब्यांची टोपली उतरवून बसली होती. ना ओळख ना पाळख. तिनं पोरीकडे निरखून पाहिलं, मला हात धरून थांबवलं आणि फ्रॉकचा गळा उलटा केला. आत दोन काळे ठिपके होते. ते मीच केले होते. वस्तीत सगळ्यांचे पांढरे कपडे सारखेच. नदीवर धुताना अदलाबदल होऊ नये म्हणून बिब्याला सुई टोचून त्याच्या रसानं मी घरातल्या प्रत्येक कपड्यावर खूण केली होती.

"पोरीले बिबा उतला, त्याच्या रसानंच हे फोड आले," ती म्हणाली. "मायचं काई नाई यात."

"मंग आमाले कोनालेच कसं नाई झालं?"

"एखाद्याले नाई सोसत, बाई. माह्या भैनीले त झाडाखालून गेली तरी उतते. हे आंधी आंगातून काढ. नारळ कोनासाठी चालवला?"

मी पदराखालून नारळ काढून तिच्यापुढे धरला. तिनं पुन्हा विचारलं नाही. नारळ घेतला, फोडला, खोबरं दगडावर वाटून पोरीच्या मानेला थापलं. घरी तीळ वाटून लावायला सांगितलं आणि टोपली उचलून आपल्या वाटेनं गेली. पोरीला पदरात गुंडाळून मी माघारी फिरले.

चार दिवसांत सूज ओसरली. शेवंतीनं डोळे उघडले आणि भाकर मागितली. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "मीबी मनात नवस बोललो होतो. पोरगी उठली त मायले परत घरात बसवतो म्हनून."

देवांची पाटी वाहणारा माणूस हे बोलत होता. आम्ही दोघंही रडलो.

त्या बाईला वाटेवर कोणी बसवलं, यावर मी वाद घालत नाही. ती पुन्हा दिसली नाही, पण तिचे उपकार मी रोज आठवते. देव शिरवले, पण भीती आम्ही घरातच ठेवली होती. फ्रॉकसुद्धा मी ताईत करून पोरीच्या अंगावर चढवला होता. शरण जाणं म्हणजे काय, ते मला तोवर कळलंच नव्हतं. त्या रात्री आम्ही घरातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढे बसलो. हात जोडले तेव्हा मागायचं काहीच सुचलं नाही, आणि भीतीही वाटली नाही.