लेकीच्या पगारातून उघडलेली झडप

“झडप अरुंद झाली आहे,” सोलापूरचे डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले. मी डाव्या कुशीवर पडले होते, छातीला गार जेल फासलेलं होतं, आणि आमचे मालक कोपऱ्यातून विचारत होते, “म्हंजे गॅसच न्हवं का डॉक्टरसाहेब?”

डॉक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानं माझा अर्धा आजार तिथंच उतरला. वर्षभर मी हा गॅस ऐकत आले होते. जिना चढले की धाप लागायची, सपाट झोपलं की खोकला यायचा, संध्याकाळी पाय सुजायचे. मालकांनी ओवा दिला, हिंग दिला, लिंबू-सोडा दिला. त्यांचे थोरले भाऊ अण्णा, ज्यांना जगातलं सगळं कळतं, त्यांनी तुळजापूरला ओटी भरायला सांगितलं. भरून आले. देवळाच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढताना दोनदा खाली बसले, तर अण्णा म्हणाले, वजन वाढलंय.

आजाराचं नाव मायट्रल स्टेनोसिस. हृदयाच्या डाव्या बाजूला वरखाली दोन कप्पे असतात आणि त्यांच्यामध्ये एक झडप. तिचं नाव मायट्रल. ती जाड होऊन पुरती उघडेनाशी झाली की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि माणसाला धाप लागते. छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय दाखवतात त्या तपासणीला टूडी इको म्हणतात. तुमच्यापैकी कुणाला अशी धाप लागत असेल तर ओव्याची पुडी बाजूला ठेवा आणि आधी ही तपासणी करून घ्या.

“लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून ताप आला होता का?” डॉक्टरांनी विचारलं. आला होता. माहेरी त्यावर अंगारा लावला होता. त्या तापानंच झडप खराब केली, आणि ते कळायला माझं निम्मं आयुष्य गेलं.

“झडप अजून लवचीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “जांघेतल्या शिरेतून नळी घालून आतून फुगा फुगवता येईल. पण लांबवलं आणि ती कडक झाली, तर छाती उघडावी लागेल. आत रक्ताची गाठ धरली तर ती मेंदूत जाऊ शकते. या महिन्यात करून टाका.”

महिना मार्च होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा तमाशा मार्चवरून झाला.

माझी लेक गौरी पुण्यात एका परदेशी कंपनीत नोकरीला आहे. तिच्या कंपनीत एक सोय आहे. वर्षाच्या सुरुवातीला आपण सांगायचं, माझ्या पगारातून दरमहा एवढे कापून औषधपाण्यासाठी वेगळे ठेवा. त्यावर कर लागत नाही, वर कंपनी थोडी भर घालते. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या उपचाराला ते वापरता येतात. पण मार्चअखेर जे उरेल ते गेलं. आपल्याच घामाचे पैसे आणि वेळेत आजारी पडलं नाही तर कंपनीच्या घशात! असला नियम करणाऱ्या माणसाला एकदा ओवा खायला घालावा असं मला फार वाटलं.

आणखी एक अट. लग्न झालेल्या बाईनं आई-वडील नाहीतर सासू-सासरे, एकच जोडी लिहायची. गौरीनं आम्हाला लिहिलं होतं. तिच्या सासऱ्यांना सरकारी पेन्शन आहे, उपचारही त्यातच होतात, तरी सासूबाई कित्येक दिवस तिच्याशी धड बोलत नव्हत्या. हे सगळं पोरीनं एकटीनं सोसलं आणि आम्हाला सांगितलंही नाही.

दवाखान्यानं खर्चाचा अंदाज कंपनीला पाठवला. गौरी म्हणाली, दोन-चार दिवसांत मंजुरी येईल. मी पिशवी भरून ठेवली. मंजुरी काही येईना. मग गौरीचाच फोन आला. आमच्या मुरूममध्ये निम्मं गाव कन्नड बोलतं, घरातही ती भाषा शिरलेली, म्हणून ती मला अव्वा आणि मालकांना अप्पा म्हणते.

“अव्वा, अप्पांनी कंपनीच्या माणसाला काय सांगितलं गं? त्यांनी नामंजूर केलंय.”

काय सांगितलं ते मी मालकांकडून वदवून घेतलं. कंपनीनं नेमलेला तपासणीवाला खात्री करायला फोन करतो. तो फोन आला तेव्हा मालक दुकानात बसले होते, शेजारी अण्णा आणि चहाला जमलेली नेहमीची मंडळी. मालकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्या माणसानं विचारलं, “तुम्ही आणि तुमच्या पत्नी मुलीवर अवलंबून आहात का?”

चार माणसांत हा प्रश्न! मालक ताठ झाले असणार. म्हणाले, “कोन म्हनतंय? आमी कुनाच्या जिवावर जगत न्हाई. बाजारपेठंत कापडाचं दुकान हाय आमचं. लेकीचं खानारी मानसं न्हवं आमी.”

अण्णांनी म्हणे पाठ थोपटली.

आता त्या दुकानाबद्दल सांगते. ते बंद पडून दोन वर्षं झाली. लोक मोबाइलवर साड्या मागवतात, लग्नाचा बस्ता सोलापूरला बांधतात. तरी मालक रोज सकाळी कपाळाला भस्म लावून जातात, शटर वर करतात, गादीवर बसतात. मागच्या फळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून जुनी खोकी मांडून ठेवलीत. दुपारी जेवायला घरी येतात आणि जेवतात ते गौरीनं पाठवलेल्या पैशातलं. गॅस तिचा, किराणा तिचा, त्यांच्या बीपीची गोळी तिची. रेशन कार्डावरच्या सरकारी योजनेचं मी एकदा सुचवलं होतं, तर ती गरिबांसाठी असते असं उत्तर मिळालं. श्रीमंती म्हणजे काय, तर सकाळी वर करायला एक शटर.

“तुमच्या बायकूपेक्षा ती खोकी जड झाली का?” मी विचारलं.

“अगं, अण्णा बसले व्हते,” मालक म्हणाले. “लेकीकडनं घेतो म्हनून सांगू का त्यांच्यापुढं? काय इज्जत ऱ्हाईल?”

तेवढ्यात मला धाप लागली. नाहीतर त्या दिवशी अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असतं.

गौरीनं रजा टाकली, कंपनीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. प्रत्येक जण तिच्याशी गोड बोलत होता आणि कुणीही काही करत नव्हता. शेवटी ठरलं की पुन्हा एकदा फोन करतील, पण या वेळी रुग्णाला. तोवर मार्च संपत आला होता. रात्री मी तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्याच झोपत होते आणि ओठ निळसर दिसायला लागले होते. मला मरणाची भीती वाटत होती, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

फोन आला तेव्हा अण्णा आणि जाऊबाई मला बघायला आले होते, सोबत केळी आणि सल्ले. मालकांनी नंबर ओळखला आणि मला हातानं खुणावलं, आत जा, आत जाऊन बोल. मी तिथंच बसून राहिले. फोन घेतला आणि त्यांच्यासारखाच स्पीकरवर टाकला.

पलीकडे एक बाई होत्या. “घरखर्च कोण चालवतं?”

“माझी मुलगी.”

“पतींचं उत्पन्न? मागच्या वेळी दुकान आहे असं सांगितलं होतं.”

“शटर हाय,” मी म्हणाले. “रोज उघडतात. आत इकायला काय बी न्हाई. दोन वर्षं झाली. दुकानाचं लायसन बी बंद केलंय, त्याचा कागद पाठवते.”

अण्णांच्या हातातलं केळं अर्धं सोललेलं तसंच राहिलं.

“म्हणजे तुम्ही मुलीवर अवलंबून आहात?”

“व्हय. आमी दोघं बी. माझी लेक आमाला पोसते.”

हे म्हणताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं. पण मला अभिमान वाटला, इतका की डोळे भरून आले. जाऊबाई पदरानं तोंड पुसत राहिल्या आणि दोघं चहा न घेता गेले. केळी मात्र ठेवून गेले.

मंजुरी दुसऱ्या दिवशी आली.

आधी तोंडातून नळी घालून हृदयात गाठ नाही ना ते बघतात. ओकारी येते, घशाला खरखर होते, पण सहन होतं. फुग्याच्या वेळी पूर्ण भूल देत नाहीत, फक्त जांघ बधिर करतात, त्यामुळे सगळं ऐकू येतं. छातीत एकदम धडधड झाली आणि डॉक्टर म्हणाले, “उघडली.” मी श्वास घेतला. तो खालपर्यंत गेला. असा श्वास शेवटचा कधी घेतला होता ते मला आठवेना.

डॉक्टरांचे, माझ्या उशाशी बसून राहिलेल्या नर्सबाईंचे आणि फोनवरच्या त्या अनोळखी बाईंचे उपकार मी विसरणार नाही. आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तो लहानपणीचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून. तुमची लेकरं बाहेर नोकरीला असतील तर असली सोय आहे का, ते आजच विचारा. आणि चौकशीचा फोन आला की घरातला सगळ्यात ताठ माणूस शेजारच्या गावाला पाठवून द्या.

दवाखान्यातून सुटल्यावर गौरी आम्हाला पुण्याला घेऊन गेली. आमच्यात नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. मालकांनी मुरूमहून कॅन भरून आणला होता. हृदयाचा रोगी सांभाळायचा सोडून हा माणूस गाडीत मांडीवर पाण्याचा कॅन सांभाळत बसला होता. तिसऱ्या दिवशी कॅन संपला. बाहेर ऊन रणरणत होतं. गौरी पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवून आत गेली.

त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. अण्णा नव्हते, चहाची मंडळी नव्हती. मग त्यांनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि गौरीला हाक मारून आणखी मागितलं.

मुरूमला कुणी विचारलं तर मालक साफ नाही म्हणतील. म्हणोत. मी आहे की सांगायला.