गोवरीत थापलेली अंडी

मी भांडखोर होते, हे आधीच सांगून टाकते. अजूनही आहे. त्या भांडखोरपणापायी मी एक मैत्रीण घालवली, आणि तीही एका किड्याच्या अंड्यांवरून.

आम्ही उस्मानाबादेत राहायचो. शेजारी कचेरीतल्या एका मुसलमान कारकुनाचं बिऱ्हाड होतं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, दहा-अकराची. मधली भिंत कमरेएवढी. दिवसातून वीसदा ओलांडायचो. एकदा ती येडशीला रामलिंगाच्या रानात गेली आणि ओढणीच्या टोकात एक काडीकिडा घेऊन आली.

"ए, ये काडी चलती, देख!"

आम्ही त्या काडीला पाळायचं ठरवलं. फुटक्या माठात बोरीची डहाळी, वर मलमलीची चिंधी, रोज पाण्याचा शिडकावा. दिवसभर ती नुसती काडी होऊन पडायची. एकदा तिनं कात टाकली आणि ती कात स्वतःच खाल्ली, तेव्हा आम्ही दोघी "शी!" म्हणत डोळे फाडून बघत होतो. मग तिनं अंडी टाकायला सुरुवात केली. एकेक करून, तळाच्या कागदावर टप्. तपकिरी, एका टोकाला बारीक झाकण. दिसायला थेट भाजीचं बी.

"नर न्हाय तर पिल्लं कुठली?" मी म्हणाले. कोंबड्याशिवायची अंडी उबवायला ठेवली तर सडतात, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"निकलते. मेरा दिल बोलता."

"डोंबल तुझ्या दिलाला कळतंय!"

यावरून आमची रोज जुंपायची आणि रोज मिटायची.

मग हैदराबाद राज्य मोडलं. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि तिच्या अब्बांनी हैदराबादची बदली मागून घेतली. मला त्यातलं एवढंच कळलं की भिंतीपलीकडं आता ती नसणार. जाताना तिनं माठ आणि करवंटीत जमवलेली अंडी माझ्या हवाली केली.

"पिल्ले निकले तो खत लिख. मैं आती देखने."

तिच्या अब्बांनीही हसून मान हलवली. सुट्टीत नक्की घेऊन येतो म्हणाले. म्हणजे पिल्लं निघाली की ती येणार, हे माझ्या मनात पक्कं बसलं. आता नराचा वाद मीच विसरले. देवा, निघू देत, म्हणत रोज करवंटीत डोकावायची.

किडा थंडीत मेला. संक्रांत झाली आणि आईनं पुढच्या सालाचं बियाणं राखायला घेतलं. आमच्याकडं दुधी, दोडक्याचं बी ओल्या शेणात खुपसून गोवऱ्या भिंतीला थापतात. बी किडत नाही. मी शाळेतून आले तर करवंटी रिकामी!

"बी का कुणी करवंटीत ठेवतं? उंदरं खातील की," आई म्हणाली.

मी घर डोक्यावर घेतलं. आई बिचारी गोंधळून गेली. "अगं बाई, अंडी व्हय ती? मला काय ठावं!" मी एक गोवरी फोडून बघितली, तर दोन अंडी चिरडली. मग बाकीच्यांना हात लावला नाही. 

शिमग्याच्या सुमारास तिचं पत्र आलं, उर्दूतून. माझे वडील, आबा, निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांनी वाचून दाखवलं. पिल्लं निघाली का, असं दोनदा विचारलं होतं. आणि खाली, शेजारी एक मुलगी आहे, तिच्याकडं झोपाळा आहे, आम्ही रोज खेळतो.

झोपाळा! माझं डोकंच फिरलं.

"लिवा आबा. अंडी शेणात मेली. नराशिवाय पिल्लं होत नसतात, मी म्हणालेच होते. आता यायचं काम न्हाय."

आबांचा हात थांबला. "असंच लिहू?"

"असंच."

उत्तर आलं नाही.

मृगात आईनं त्या गोवऱ्या भिजवून परसातल्या बोरीच्या कुंपणाकडेला आळ्यांत पुरल्या. श्रावणात मी दोडकी तोडायला गेले, तर बोरीच्या काट्यावरून सुईएवढी काडी चालत होती. मग दुसरी. मोजल्या तर पाच! मी "निघाली, निघाली!" ओरडत सवयीनं भिंतीकडं पळाले. पलीकडं नव्या बिऱ्हाडातली बाई तांदूळ निवडत बसली होती.

"काय झालं गं?" तिनं विचारलं.

मी तशीच परत फिरले.

आबांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. निघाली, मी हरले, लवकर ये, असं मी तीनदा लिहायला लावलं. महिन्यानं पाकीट तसंच परत आलं. वर कुणीतरी खरडलं होतं, ते आबांनी हळूच वाचलं: घर सोडून गेले, ठावठिकाणा नाही.

पुढं दरसाल त्या बोरीवर काड्या दिसत राहिल्या. लग्न झाल्यावर मी थोडी अंडी सासरी नेली. काड्या पाळणारी सून म्हणून सासूबाई आल्यागेल्याला हसून सांगायच्या. आज माझ्या परसात त्यांचीच पोरंबाळं आहेत, नराचा पत्ता नाही. अजूनही पहिलं पिल्लू दिसलं की मला तिची इतकी आठवण येते की राहवत नाही. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी म्हणते, "निघाली गं. ये की आता."